मृदंग बोलतो तेव्हा : नाथपंथीय कथागीतांतील वादक-नायक

१

मराठीतील कथनपर गीतांचा विचार करताना आपल्यासमोर सामान्यतः दोन प्रकारचे नायक उभे राहतात. पोवाड्याचा नायक हा योद्धा असतो. अज्ञानदासाच्या अफझलखानवधाच्या पोवाड्यापासून ही परंपरा अखंड चालत आलेली आहे. दुसरीकडे कीर्तनाख्यानांतील व स्त्रीगीतांतील नायक-नायिका सोसणाऱ्या असतात. हरिश्चंद्र, चिलया बाळ, सासुरवाशीण ही त्यांची उदाहरणे होत. ज्याच्या हातात तलवार नाही, आणि ज्याचे मोठेपण केवळ सोसण्यातही नाही, जो वाद्याच्या बळावर कथेचा पेच सोडवितो, असा नायक मराठी कथागीतांत आहे काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा विचारला गेलेला दिसत नाही.

येथे एक भेद आरंभीच करून ठेवणे आवश्यक आहे. प्रत्यक्ष होऊन गेलेल्या कलावंताभोवती आख्यायिका जमणे ही एक गोष्ट, आणि कथेनेच कलावंत निर्माण करणे ही दुसरी. राम जोशी, होनाजी बाळा हे ऐतिहासिक पुरुष आहेत. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) या चित्रपटांनी त्यांना नायकत्व दिले, तरी त्यांच्या रचना त्यांच्याविषयीच्या कथेबाहेरही उभ्या आहेत. प्रस्तुत निबंधाचा विषय असलेला वादक कथेबाहेर वादक नाहीच. गोरक्षनाथ हा योगी, सिद्ध, पंथप्रवर्तक म्हणून इतिहासाला ठाऊक आहे. मृदंगवादक म्हणून त्याला फक्त कथा ओळखते. स्त्रीराज्यात अडकलेल्या गुरूला सोडविण्यासाठी तो वेष पालटून, एका नर्तकीच्या ताफ्यात शिरून मृदंग वाजवितो, आणि तो मृदंगच गुरूला हाक मारतो. मराठी कथागीतपरंपरेतील कल्पित वादक-नायकाचे इतके ठळक दुसरे उदाहरण निदान प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

२

ही कथा महाराष्ट्रात सर्वाधिक परिचित आहे ती धुंडिसुत मालूच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या चाळीस अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथामुळे. ग्रंथाची समाप्ती शके १७४१ म्हणजे इ. स. १८१९ मध्ये झाली असे मानले जाते. पेशवाई मावळल्यानंतरच्या पहिल्याच वर्षातला हा ग्रंथ असूनही त्याला राजकीय उलथापालथीचा स्पर्श नाही. तो घरोघर पारायणाचा ग्रंथ झाला. वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) सारख्या गावात १९९० साली वैद्यकीय महाविद्यालय आले, मोठे रुग्णालय उभे राहिले, वस्तीचा तोंडवळा पालटला. तरी श्रावणात ही पोथी लाकडी चौरंगावर निघते, आणि शेजारचे चारदोन जण ऐकायला बसतात. पोथीच्या अखेरीस प्रत्येक अध्यायाच्या पठणाचे फळ सांगितलेले असल्यामुळे वाचणाऱ्याचे लक्ष पुष्कळदा कथेपेक्षा फळाकडे असते, ही गोष्ट वेगळी.

कथेचा सांगाडा असा. स्त्रीराज्यात पुरुष नाही. तेथील स्त्रिया मारुतीच्या भुभुःकाराने गर्भवती होतात आणि त्याच भुभुःकाराने पुरुष मरतात. मारुतीच्या शब्दाखातर मच्छिंद्रनाथ त्या राज्यात जातो, राणीसह संसारात रमतो, त्याला मीननाथ हा पुत्र होतो. इकडे गोरक्ष गुरूच्या शोधात हिंडत असतो. स्त्रीराज्याकडे निघालेल्या कलिंगा नावाच्या कलावंतिणीची आणि त्याची गाठ पडते. तो तिच्या ताफ्यात वादक म्हणून सामील होतो. दरबारात नृत्य सुरू होते, मृदंगावर थाप पडते, आणि थापेतून शब्द उमटतात : मच्छिंद्रा, चल, गोरख आला आहे. मच्छिंद्र दचकतो. पुढे गुरुशिष्यांची भेट, राणीचा शोक, मीननाथाला गोरक्षाने मारणे व पुन्हा उठविणे, परतीच्या वाटेवर सोन्याच्या विटेचा प्रसंग, अशी कथा जाते.

या सांगाड्याकडे नुसत्या ‘चमत्कारकथा’ म्हणून पाहिले तर त्यातली एक सूक्ष्म रचना नजरेतून सुटते. स्त्रीराज्य हे नादाने शासित असे राज्य आहे. तेथला जन्म नादाने होतो, मृत्यूही नादाने होतो. भुभुःकार हा अक्षरहीन नाद आहे, त्याला अर्थ नाही, केवळ शक्ती आहे. त्या राज्यात शिरणाऱ्याने तलवार आणून चालणार नाही; त्याला दुसरा नादच आणावा लागेल, आणि तो अर्थवान असावा लागेल. मृदंगाची योजना कथेत आकस्मिक नाही ती यामुळे. गोरक्ष एका नादाच्या राज्यात दुसऱ्या जातीचा नाद घेऊन प्रवेश करतो.

हा नायक एकटा जात नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्याला ताफा लागतो. नाचणारी कलिंगा नसती तर मृदंग वाजविण्याला निमित्तच नव्हते. योग्याचा विजय एका कलावंतिणीच्या व्यवसायावर उभा आहे. पोथीने ही गोष्ट सहजपणे सांगितली आहे, पण पारायणानंतर कलिंगेची आठवण कोणी काढल्याचे ऐकिवात नाही.

३

मृदंग बोलतो म्हणजे नेमके काय होते? श्रद्धाळू वाचकाला हा प्रश्न पडत नाही आणि बुद्धिवादी वाचक तो टाळतो. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र तो विचारलाच पाहिजे.

आपल्या वाद्यपरंपरेत चर्मवाद्याच्या प्रत्येक आघाताला अक्षर असते. धा, ता, किट, तक, धुम ही नुसती नादानुकरणे नव्हेत. ती आघातांची नावे आहेत, शिष्य ती आधी तोंडाने म्हणतो आणि मग हाताने काढतो. म्हणूनच मराठीत वाद्य ‘वाजते’ तसे ते ‘बोलते’ही, आणि आघातसमूहाला आपण ‘बोल’च म्हणतो. पखवाजाच्या परंपरेत याच्याही पुढची एक पायरी आहे. स्तुतिपरण या रचनाप्रकारात देवतेच्या स्तुतीचे सार्थ शब्द आणि वाद्याची निरर्थक अक्षरे एकाच लयीत ओवलेली असतात. वादक परण आधी म्हणून दाखवितो आणि मग वाजवितो. ज्याने ते शब्द ऐकले त्याला पुढे नुसत्या वाजविण्यातही ते ऐकू येतात. ज्याने ऐकले नाहीत त्याला केवळ लय ऐकू येते. गोरक्षाचा मृदंग हा या प्रत्यक्ष व्यवहाराचाच कथेने केलेला विस्तार आहे.

आफ्रिकेतील ‘बोलत्या’ ढोलांशी याची तुलना केली की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. कांगो नदीकाठच्या लोकेले लोकांच्या ढोलभाषेचा अभ्यास जे. एफ. कॅरिंग्टन यांनी ‘टॉकिंग ड्रम्स ऑफ आफ्रिका’ (१९४९) या पुस्तकात केला. तेथील भाषा स्वरभेदाच्या आहेत; शब्दाचा अर्थ स्वराच्या चढउतारावर अवलंबून असतो. त्यामुळे ढोलाचे उंच-खालचे नाद भाषेची प्रतिकृतीच ठरतात आणि दूरच्या गावातील अपरिचितालाही निरोप कळू शकतो. मराठी किंवा हिंदी या त्या अर्थाने स्वरभेदाच्या भाषा नाहीत. आपल्या मृदंगातून अपरिचित माणसाला निरोप कळणे अशक्य आहे. कळेल ते फक्त त्याला, ज्याच्या आत ते शब्द आधीपासून आहेत.

कथेचे मर्म येथे आहे. दरबारातील सर्वांच्या कानांवर तोच मृदंग पडतो. राणी ऐकते, दासी ऐकतात, कलिंगा त्याच ठेक्यावर नाचते. त्यांना उत्तम साथ ऐकू येते. मच्छिंद्राला स्वतःचे नाव ऐकू येते. शिष्याने गुरूला नवे काही सांगितलेले नाही, गुरूजवळ होते तेच त्याला ऐकविले. ‘गुरूची विद्या गुरूला’ ही म्हण आपण सहसा कुरघोडीच्या अर्थाने वापरतो. या प्रसंगात तिला वेगळाच अर्थ येतो.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. मराठी ओवीतून चाललेल्या या कथेत मृदंगातून उमटणारे वाक्य मात्र मराठी नाही. ते हिंदुस्थानी वळणाचे आहे, फिरत्या साधूंच्या बोलीतले आहे. निवेदन एका भाषेत आणि वाद्य दुसऱ्या भाषेत, अशी ही योजना आहे. मालूला ते वाक्य ओवीच्या भाषेत आणणे कठीण नव्हते. त्याने ते आणले नाही, कारण ते वाक्य त्याच्या पूर्वीपासून मुद्रेसारखे चलनात असले पाहिजे. उत्तर भारतातही ही हाक जवळजवळ याच शब्दांत प्रसिद्ध आहे. भाषा ओलांडताना कथेचा देह बदलतो, पण आघाताशी जखडलेले वाक्य बदलत नाही, हा मौखिक परंपरेचा स्वभाव येथे दिसून येतो.

बंगालीतील ‘गोरक्षविजय’ या आख्यानकाव्याशी तुलना केली असता याला पुष्टीही मिळते आणि एक फरकही हाती लागतो. अब्दुल करीम साहित्यविशारद यांनी संपादिलेल्या या काव्यात गुरूचे नाव मीननाथ आहे, राज्य कदलीचे आहे, आणि गोरक्ष स्वतःच नर्तकीचा वेष घेऊन मादळ वाजवितो. तेथला मादळ ‘काया साध’ असा उपदेश करतो. म्हणजे पूर्वेकडचे वाद्य योगाचा आदेश देते, आपल्याकडचे वाद्य आगमनाची वर्दी देते. प्रस्तुत लेखकाला काव्यदृष्ट्या मराठी कथेतील योजना अधिक सरस वाटते. उपदेश कोणालाही करता येतो. ‘मी आलो आहे’ हे वाक्य फक्त एकाच माणसाने एकाच माणसाला म्हणावयाचे असते.

४

वेष पालटून वाद्य हाती घेणारा नायक जगाच्या कथांत इतरत्रही आढळतो. त्यांपैकी काहींशी गोरक्षाची तुलना उद्बोधक ठरते.

आपल्याला सर्वांत जवळचा म्हणजे महाभारतातील बृहन्नडा. अर्जुन विराटाच्या घरी स्त्रीवेषाने राहून उत्तरेला नृत्यगीत शिकवितो. परंतु अर्जुनाचे संगीत हे त्याचे आवरण आहे. पेच येतो तेव्हा तो संगीत टाकून शमीवरचे गांडीव काढतो. गोरक्षाचे तसे नाही. त्याचे वाद्य हे एकाच वेळी त्याचे सोंगही आहे आणि शस्त्रही. सोंग उतरवून त्याला दुसरे काही करावयाचे नाही. सोंग नीट वठविणे हेच त्याचे कार्य आहे.

युरोपातील दोन कथांचा येथे उल्लेख करणे इष्ट होईल. चौदाव्या शतकातील हस्तलिखितात मिळणाऱ्या ‘सर ऑर्फिओ’ या मध्ययुगीन इंग्रजी कथाकाव्यात राजाच वीणेसारखे वाद्य घेऊन भणंग गायकाच्या वेषात परीराज्यात जातो आणि हरवलेली राणी परत आणतो. मूळच्या ग्रीक कथेत ऑर्फियसने मागे वळून पाहिले आणि पत्नी गमावली. इंग्रजी गाथाकाराने तो शेवट बदलला. तेथे परीराजा आपल्या शब्दात अडकतो, वाटेल ते बक्षीस देण्याचे वचन त्याला पाळावे लागते. आपल्या कथेत ऐकणाऱ्याला वचन अडकवीत नाही, स्मरण अडकविते. दुसरी कथा ब्लाँडेलची. इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत असता त्याचा गायक ब्लाँडेल किल्ल्याकिल्ल्याबाहेर दोघांनाच ठाऊक असलेले गीत गात फिरतो आणि आतून उत्तर येताच राजाचा ठाव लागतो, अशी तेराव्या शतकापासूनची आख्यायिका आहे. दोघांमधील खाजगी खूण म्हणून संगीत, ही कल्पना येथे गोरक्षकथेच्या अगदी शेजारी येते. फरक एवढाच की रिचर्डला आपण कैदेत असल्याचे ठाऊक होते. मच्छिंद्राला ते ठाऊकच नव्हते.

अमेरिकेतील ग्रामीण कथागीतांच्या परंपरेत वादक-नायक विशेष लोकप्रिय आहे. चार्ली डॅनियल्स याच्या वाद्यवृंदाचे १९७९ मधील ‘द डेव्हिल वेंट डाउन टू जॉर्जिया’ हे गीत त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याचे बीज स्टीफन व्हिन्सेंट बेने याच्या १९२५ मधील फिडलवादकांच्या चढाओढीवरील कवितेत होते. या गीतात जॉनी नावाचा तरुण सैतानाशी फिडलवादनाची पैज लावतो. हरला तर आत्मा, जिंकला तर सोन्याची फिडल. तो जिंकतो. आपल्या वाचकाला येथे विदर्भातील खडी गंमत किंवा कलगी-तुऱ्याची झुंज आठवेल, आणि ते योग्यच आहे. दोन पक्षांनी रात्रभर एकमेकांना अडविण्याची रीत आपल्यालाही नवी नाही. परंतु गोरक्षकथेत चढाओढ नाही. समोर प्रतिस्पर्धी वादकच नाही. आणि सोन्याच्या बाबतीत तर दोन्ही कथा पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. जॉनीला सोन्याचे वाद्य मिळते. गोरक्ष मात्र परतीच्या वाटेवर गुरूच्या झोळीत लपविलेली सोन्याची वीट काढून फेकून देतो. पुढे कोठे भय आहे काय, असे गुरू पुनःपुन्हा विचारतो. भय मागे राहिले, असे शिष्य सांगतो. एका कथेत कलेचे फळ सोने, दुसरीत सोने जाईपर्यंत कलेचे काम अपुरे. मृदंगाने गुरूचा देह दरबारातून उठविला होता, वीट गेली तेव्हा तो खरा मोकळा झाला. वीटप्रसंग पुष्कळदा सुटी बोधकथा म्हणून सांगितला जातो. तो मृदंगप्रसंगाचा उत्तरार्ध आहे असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

आधुनिक मराठीत वादक-गायक नायकाला रंगभूमीने जागा दिली. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) हे त्याचे उत्तम उदाहरण. तेथेही वेषांतर आहे. सदाशिव खाँसाहेबांच्या घरी नोकर होऊन राहतो, गायकी कानांवर पडावी म्हणून. गोरक्ष ऐकविण्यासाठी वेष पालटतो, सदाशिव ऐकण्यासाठी. दोन्ही ठिकाणी विद्या उघड दाराने मिळत नाही एवढे मात्र समान आहे. ‘प्रभात’च्या ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) या चित्रपटात मच्छिंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी केली होती, ही गोष्टही या संदर्भात नोंदविण्याजोगी आहे. स्वतः नामांकित संवादिनीवादक आणि ‘मानापमान’च्या चालींचे कर्ते असलेले टेंबे येथे ऐकणाऱ्याच्या जागी होते.

५

मच्छिंद्राचे हे ‘पतन’ खरोखर पतन होते काय, याविषयी संशोधकांनी पूर्वीच शंका घेतलेली आहे. प्रबोधचंद्र बागची यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘कौलज्ञाननिर्णय’ हा ग्रंथ मत्स्येंद्राच्या नावावर आहे आणि त्याचा संबंध कामरूपातील योगिनींशी जोडलेला आहे. अभिनवगुप्ताने ‘तंत्रालोका’त मच्छंदाला आदराने वंदन केले आहे. हजारीप्रसाद द्विवेदी यांचा ‘नाथ संप्रदाय’ (१९५०) आणि आपल्याकडे रा. चिं. ढेरे यांचा ‘नाथसंप्रदायाचा इतिहास’ (१९५९) या ग्रंथांनी या प्रश्नाची चर्चा केली आहे. गुरूची साधना स्त्रीसहभागाची कौल साधना होती आणि शिष्याचा मार्ग ब्रह्मचर्याचा, हठयोगाचा होता, असे मानले तर स्त्रीराज्याची कथा ही दोन मार्गांमधील तंट्याची एका पक्षाने सांगितलेली बाजू ठरते. ज्ञानदेवांनी सांगितलेल्या गुरुपरंपरेत आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती असा अखंड क्रम आहे. कथेतला मृदंग त्या क्रमातील एक अवघड सांधा जोडून देतो. शिष्याने गुरूला नाकारले असे न म्हणता शिष्याने गुरूला जागे केले असे म्हणण्याची सोय तो करून देतो.

मग राणीचे काय? मैनाकिनी किंवा किलोतळा, नाव काहीही असो, कथेत तिचा नवरा जातो, आणि तोही तिच्याच दरबारात, तिनेच ऐकलेल्या वादनाने. तिचा शोक पोथीत आहे; पण मृदंग तिच्या कानाला कसा लागला हे कोणी सांगितलेले नाही. पंथाची दृष्टी तिला ‘माया’ म्हणून मोकळी होते. या कथेचे गायन ऐकणाऱ्यांत बहुसंख्य बायका असतात आणि राणीच्या विलापाच्या जागी त्या पदर डोळ्यांना लावतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला पंथाची दृष्टी आणि श्रोत्यांचे मन एक नसते हे वेगळे सांगावे लागत नाही. गोपीचंद-मैनावतीच्या कथेतही हेच घडते. ॲन ग्रॉडझिन्स गोल्ड यांनी राजस्थानातील घटियाली गावच्या एका नाथ गायकाकडून ऐकलेल्या भर्तरी-गोपीचंदाच्या कथांचे पुस्तक १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकातच ‘ताटातूट’ आहे, योग नाही. संन्यासाची कथा गृहस्थ गातो आणि गृहस्थच ऐकतो, तेव्हा तिचा भार विरहावर पडतो.

६

आता सादरीकरणाकडे वळू. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात नाथपंथीय वाङ्मय येते ते छापील पोथीच्या व इतिहासग्रंथांच्या वाटेने. पोथी वाचणारा मृदंगाची वार्ता देतो. त्याच्यापाशी मृदंग नसतो. किंगरीवर किंवा डौरावर कथा लावणाऱ्या नाथजोग्यापाशी मात्र वाद्य हातातच असते. कथेतला वादक वाजवू लागतो त्या क्षणी सांगणाराही वाजवू लागतो. दोन वादक एकमेकांवर येऊन बसतात. श्रोत्याला प्रथम नुसता ठेका ऐकू येतो, मग गायक हाक उच्चारतो, आणि पुन्हा नुसता ठेका राहतो. पण आता त्या ठेक्यात हाक ऐकू येऊ लागते. दरबारात मच्छिंद्राचे जे झाले तेच ओसरीवर श्रोत्याचे होते. तिसऱ्या भागात स्तुतिपरणाविषयी जे म्हटले ते येथे प्रत्यक्ष घडते. आल्बर्ट लॉर्ड यांनी ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) मध्ये दाखविले की मौखिक कथाकाव्य गातागाताच रचले जाते. त्यांचा भर शब्दसूत्रांवर होता. आपल्या सामग्रीत सूत्र शब्दाचेच असते असे नाही. ते आघाताचेही असते, आणि कागदावर उतरताना तेच प्रथम गळते.

हा नायक ज्यांनी जपला त्यांची स्थिती काय आहे, हे सांगितल्याशिवाय या विषयाचा विचार पुरा होऊ शकत नाही. कथेत गोरक्षाला स्त्रीराज्यात प्रवेश मिळतो कारण तो वादक आहे. वाजविणाऱ्याला वेस अडवीत नाही, ही कथेची मूळ धारणा आहे, आणि ती गाणाऱ्यांच्या जगण्याचीही धारणा होती. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमाने भीक मागण्याची जी व्याख्या केली तीत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे अशा ‘बहाण्या’खाली दान मागणेही समाविष्ट आहे. कायद्याच्या नजरेत किंगरी हा बहाणा ठरला. हा कायदा दिल्लीलाही लागू करण्यात आला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तेथील त्याच्या महत्त्वाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. त्याच वर्षी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षेकरी असलेल्या पाच जणांना, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने ठार मारले. वेष, झोळी आणि अनोळखी बोली या ज्या खुणांवर पूर्वी दार उघडत असे त्याच खुणांवर संशय घेतला गेला. गोरक्षाच्या कथेत वेषांतर केलेला परका दरबारात उभा राहतो आणि त्याला आधी वाजवू दिले जाते.

मराठी विभागांना यात करता येण्याजोगे एक काम आहे आणि ते प्रबंधाच्या आवाक्यातले आहे. वर्धा, यवतमाळ, अमरावती या जिल्ह्यांत अद्याप कथा लावणाऱ्या गायकांकडून स्त्रीराज्याच्या प्रसंगाचे पाठ ध्वनिमुद्रित करावेत. गायकाला त्याचे मानधन सुरुवातीलाच द्यावे आणि नोंदीवर त्याचा हक्क मान्य करावा. संहिता उतरविताना शब्दांखाली दुसरी ओळ आघातांची असावी. गायक स्वतः जे बोल सांगेल तेच लिहावेत, संगीतशास्त्राच्या पुस्तकातले नव्हेत. हाक किती वेळा येते, ती ठेक्याच्या कोणत्या मात्रेवर बसते, राणीच्या विलापात वाद्य थांबते की चालू राहते, या तीन गोष्टी जरी निरनिराळ्या गायकांकडून नोंदल्या गेल्या, तरी मालूच्या पोथीशी तुलना करण्यास पुरेशी सामग्री हाती येईल. त्यातही विलापाच्या जागी वाद्य काय करते याची नोंद आधी घ्यावी, कारण पोथी तेथे मुकी आहे.